चार नॅनोसेकंदांत पीएच.डी.

बऱ्हाणपूर म्हटलं की मराठी माणसाला आधी मराठ्यांनी १६८१ साली केलेली लूट आठवते, मग केळी. थोडं अधिक वाचलेल्याला हेही आठवतं की मुमताज महल १६३१ साली इथे वारली आणि ताजमहाल मात्र आग्र्याने नेला. तेव्हापासून गावाच्या नावावर नवं काही जमा व्हायचं राहूनच गेलं आहे. ही मार्गदर्शिका ती उणीव भरून काढेल. सांगितल्याप्रमाणे पायऱ्या चढत जा आणि तापीकाठी बसल्या बसल्या उत्तेजित रेणूंच्या आयुष्याचे तज्ज्ञ व्हा. गावात ही जागा रिकामी आहे, ती का रिकामी आहे याचा फार विचार करू नका.

धंद्याचं स्वरूप असं. रेणूवर प्रकाश पडतो. रेणू तो गिळतो आणि वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तिथे थोडा वेळ काढतो आणि परत खाली येतो. येताना कधी प्रकाश टाकतो, कधी नुसताच गरम होऊन येतो. तो वर किती वेळ राहिला एवढंच तुम्हाला मोजायचं आहे. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावर ओरखडा आहे का हे पाहायला फ्लोरेसीन नावाचा पिवळा-हिरवा रंग घालतात. त्याचा रेणू पाण्यात साधारण ४ नॅनोसेकंद वर राहतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. ४ नॅनोसेकंदांत खुद्द प्रकाशसुद्धा जेमतेम सव्वा मीटर जातो, म्हणजे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. या घटनेला तुम्ही आयुष्याची पाच वर्षं देणार आहात. भागाकार करत बसू नका, पहिल्याच दिवशी मन खट्टू होतं.

१. दिवा घ्या, केळं घ्या.

नोटा तपासायचा जांभळा दिवा कुठल्याही दुकानदाराकडे असतो, तो तासभर मागून आणा. केळं मागावं लागणार नाही. रात्री खोलीतले दिवे मालवून आधी हिरव्या केळावर प्रकाश टाका. निळं काही दिसणार नाही. मग पिवळ्याधमक पिकलेल्या केळावर टाका. साल निळी उजळेल. पिकताना सालीतलं हरितद्रव्य मोडतं, आणि त्या मोडतोडीत मधेच तयार होणारे पदार्थ अतिनील प्रकाश गिळून निळा प्रकाश टाकतात. हे २००८ साली जगाला सांगितलं ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या रसायनशास्त्रज्ञांनी. इन्सब्रुक आल्प्स पर्वतात आहे. तिथे बर्फ पडतो, केळी विकत आणावी लागतात. इकडे बऱ्हाणपूर-रावेरच्या पट्ट्यात ट्रकच्या ट्रक भरून माल निघत होता, पण तो अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरून पाहायला कोणाला फुरसत नव्हती. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी जास्त पिकलेल्या केळावरच्या काळ्या डागांभोवती निळी वलयं दिसतात असाही निबंध काढला. म्हणजे व्यापारी जे केळं फेकतो त्यावरही एक निबंध निघाला.

चमक दिसली म्हणून लगेच स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घेऊ नका. चमक कोणीही पाहील. तुम्हाला ती किती वेळ टिकते हे सांगायचं आहे, आणि ते डोळ्यांना कधीच दिसणार नाही. म्हणून तर अनुदान मिळतं.

२. याब्लोन्स्कीचं चित्र काढायला शिका.

पोलंडच्या अलेक्सांडर याब्लोन्स्कीने १९३०च्या दशकात जिन्यासारख्या आडव्या रेघांचा एक तक्ता रूढ केला. जाड रेघा म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या, त्यांच्यावरच्या बारीक रेघा म्हणजे कंपनांच्या. त्याहून बारीक रेघा परिभ्रमणाच्या असतात, त्या काढायचा सगळे कंटाळा करतात, तुम्हीही करा. सरळ बाण म्हणजे प्रकाश आत आला किंवा बाहेर गेला. नागमोडी बाण म्हणजे ऊर्जा प्रकाश न टाकता गेली. कुठे गेली असं कोणी विचारलंच तर बाण आणखी नागमोडी काढा.

या तक्त्यातली कळीची गोष्ट अशी. प्रकाश गिळलेला रेणू नुसता वर जात नाही, वर पोचतो तो थरथरत. त्याच्या अणूंमधले बंध ताणले-दाबले जात असतात. ही जास्तीची थरथर आजूबाजूच्या द्रावकाला देऊन तो काही पिकोसेकंदांत, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागांत, सर्वांत खालच्या उत्तेजित पातळीवर येऊन बसतो. पगाराच्या दिवशी खिसा कितीही भरलेला असो, नाक्यावरची उधारी फेडून घराच्या पायरीवर येईपर्यंत सगळ्यांच्या हातात सारखेच पैसे उरावेत, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच रेणूला जांभळा प्रकाश द्या की निळा, तो बाहेर टाकतो तो बहुधा एकाच रंगाचा. हा नियम मायकेल काशाने १९५० साली मांडला. त्याला अ‍ॅझुलीन नावाचा निळा उद्धट अपवाद आहे, तो वरच्या पातळीवरूनच प्रकाश टाकून मोकळा होतो. तोंडी परीक्षेत अ‍ॅझुलीनचं नाव आपणहून काढा. त्यामुळे बाकीचे प्रश्न टळतात.

३. रेणूचा कोणता भाग फिरतो ते शोधा. सापडला नाही तरी तो फिरतोच असं लिहा.

अकरावी-बारावीच्या टायट्रेशनमध्ये एका थेंबाने गुलाबी होणारा फिनॉल्फ्थॅलीन आठवतो? तो आणि फ्लोरेसीन, दोन्ही १८७१ साली अडॉल्फ फॉन बायरच्या हातून जन्मले. दोघांची चित्रं शेजारी ठेवा. फ्लोरेसीनमध्ये दोन कड्यांच्या मधे ऑक्सिजनचा एक अणू पूल होऊन बसला आहे. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये तो पूल नाही. तेवढ्यावर एक डोळ्यांत भरेल इतका चमकतो आणि दुसरा गुलाबी होऊन स्वस्थ बसतो. पूल नसलेल्याची कडी मोकळी असतात. प्रकाश गिळला की ती वळतात, वाकतात, आणि वळता वळता रेणू घेतलेली ऊर्जा उष्णतेत उधळून खाली येतो. प्रकाश टाकायला ४ नॅनोसेकंद लागतात आणि वळून खाली यायला त्याच्या कित्येक पट कमी, मग प्रकाश टाकणार कोण?

हे एक तत्त्व पाठ केलंत तर या शास्त्रातलं अर्धं काम झालं. रेणू जितका जागच्या जागी जखडलेला, तितकं त्याचं उत्तेजित आयुष्य लांब. हातपाय हलवायला जागा मिळाली की ते आखूड.

जाता जाता एक सूचना. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूबचं पाणी जिथे जमिनीत गडप होतं तिथे फ्लोरेसीनचा क्षार ओतला, आणि तो काही किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्यातून हिरवागार बाहेर आला. भूगर्भातली वाट अशी सापडली. हे वाचून तुमच्या मनात बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा येणार, हे मला ठाऊक आहे. सातपुड्यातून झिरपणारं पाणी मुघल सरदार खान-ए-खानानच्या काळात, १६१५च्या सुमारास, एकमेकांना जोडलेल्या कुंड्यांतून शहरात आणलं, आणि त्या अंधाऱ्या बोगद्यांतून रंगीत पाणी कुठून कुठे जातं हे पाहायचा मोह कोणालाही होईल. आवरा. शास्त्राच्या नावाखाली गावाचं पाणी हिरवं केलंत तर पुढची मोजमापं तुरुंगात करावी लागतील, आणि तिथे लेझर नेऊ देत नाहीत.

४. धुतलेल्या सदऱ्याला नमुना म्हणा.

बऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्याला कापड शोधायला जावं लागत नाही. पांढरा सदरा जांभळ्या दिव्याखाली धरा. तो निळसर पांढरा पेटेल. ही करामत शुभ्रकाची. घरोघरी टिनोपाल किंवा रानीपाल या नावाने तो ओळखीचा होता, आता तो धुण्याच्या पावडरीतच मिसळलेला असतो. अतिनील प्रकाश गिळायचा, निळा टाकायचा आणि कापडाचा पिवळेपणा झाकायचा. कल्पना जुनी आहे. १९२९ साली पॉल क्राइसने हॉर्स चेस्टनट झाडाच्या सालीतलं एस्क्युलिन वापरून पिवळट लिननवर हेच करून दाखवलं होतं. आजच्या बहुतेक शुभ्रकांचा कणा मात्र स्टिलबीनचा असतो. दोन कडी आणि त्यांच्यामधे एक दुहेरी बंध.

आता हा दुहेरी बंध एरवी वळत नाही. वळायचं नाही म्हणूनच तो दुहेरी. पण प्रकाश गिळला की त्याचा ताठा जातो. साधं स्टिलबीन पातळ द्रावकात शंभर पिकोसेकंदांच्या आतबाहेर मधल्या बंधाभोवती वळतं आणि चमकायचं राहून जातं. हाच कणा सुताच्या धाग्याला चिकटून बसला की वळायला वाव कमी आणि चमक जास्त. शुभ्रकाचं पातळ द्रावण उन्हात ठेवा, त्यातले बरेच रेणू वळून दुसऱ्या आकारात जातील. तो आकार चमकत नाही आणि कापडालाही धरत नाही. म्हणजे तुमच्या सदऱ्याचा पांढरेपणा शेवटी एका बंधाला वळू न देण्यावर टिकून आहे. लाँड्रीवाल्याला हे समजावून सांगायला जाऊ नका, तो मजुरी वाढवेल.

५. मग मिठाई, बेडका आणि बुढ्ढी के बाल, या क्रमाने पुढे जा.

ऑरामिन-ओ हा स्वस्त पिवळा रंग. खाण्यात घालायला बंदी, तरी मिठाईच्या भेसळीत सापडतो. पाण्यात त्याचं उत्तेजित आयुष्य काही पिकोसेकंदांचं, कारण त्याची दोन्ही कडी बेबंद फिरतात. पण क्षयाच्या जंतूच्या मेणचट भिंतीत तो रुतला की फिरणं मंदावतं आणि तो अंधारात पिवळा-हिरवा उजळतो. बेडक्याच्या काचपट्टीवर क्षयाचे जंतू शोधताना हाच रंग वापरतात, आणि त्यासाठी एलईडी दिव्याचा सूक्ष्मदर्शक वापरावा अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली केली. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ऑरामिन-ओ आणि त्याचा भाऊबंद थायोफ्लेविन-टी या दोघांच्या फिरण्यावर बरंच बारीक काम झालं आहे. थायोफ्लेविन-टी अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांच्या तंतूंत अडकला की चमकतो. एका रेणूचा चाळा बंद पडला की माणसाच्या रोगाचं निदान होतं. या धंद्यात खरोखर उपयोगाचं असं एवढंच आहे, म्हणून अनुदानाच्या अर्जात पहिल्या परिच्छेदात हेच लिहा, मग तुमचा रेणू कोणताही असो.

रोडामिन-बी म्हणजे ज्याच्यामुळे २०२४ साली तमिळनाडूने गुलाबी बुढ्ढी के बालवर बंदी घातली तो रंग. त्याच्या टोकांचे नायट्रोजनवाले गट वळवळतात. तापमान वाढलं की ते जास्त वळवळतात आणि आयुष्य घटतं, इतकं इमानाने की सूक्ष्म जागेतलं तापमान मोजायला त्याचा उपयोग करतात. हेच गट कड्यांत शिवून टाकले की रोडामिन-१०१ तयार होतो, आणि तो गिळलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन इमानदारीने परत करतो. तेव्हा रोडामिन-बीचं आयुष्य मे महिन्यात मोजू नका. मे महिन्यात बऱ्हाणपुरात कोणाचंच मोजू नये.

६. ध्रुवक ५४.७ अंशांवर ठेवा. ५५ चालणार नाही.

इथवर रेणूचे तुकडे फिरत होते. आता अख्खा रेणू फिरतो, आणि तुम्हाला फसवतो. लेझरचा प्रकाश उभा ध्रुवीकृत असतो, तो मुख्यतः उभ्या असलेल्या रेणूंनाच उत्तेजित करतो. मग हे रेणू गरागरा वळायला लागतात. उभ्या ध्रुवकातून पाहत असाल तर प्रकाश झपाट्याने घटताना दिसेल, पण रेणू विझले म्हणून घटला की नुसते वळले म्हणून, हे यंत्राला कळत नाही. आडव्या ध्रुवकातून पाहिलंत तर उलट, वळून आलेल्यांची भर पडत राहते आणि आयुष्य लांबल्यासारखं वाटतं. ५४.७ अंशांवर हे दोन खोटेपणे एकमेकांना बरोबर कापतात. याला मॅजिक अँगल म्हणतात, आणि तो शाळेतल्या त्रिकोणमितीतून निघतो. कोसाइनचा वर्ग एक-तृतीयांश झाला की झालं.

पाण्यातलं फ्लोरेसीन दीडएकशे पिकोसेकंदांत वळून होतं, त्यामुळे तिथे चूक लहान राहते. ग्लिसरीनमध्ये किंवा प्रथिनाला चिकटलेल्या रंगात ती मोठी होते. मोठी झाली तर आनंद माना. फ्रान्सिस पेरँने १९२६ साली याच फिरण्याचं सूत्र काढलं: ध्रुवीकरण किती उरलं ते पाहायचं आणि रेणू किती वेगाने फिरला, म्हणजे केवढा असावा, ते काढायचं. तेव्हा कोन चुकलाच तर लेखाचं शीर्षक बदला. आयुष्याचा लेख परिभ्रमणाचा होतो.

७. शंभर ठोक्यांना एक फोटॉन मोजा, बाकीचा प्रकाश फेकून द्या.

लेझर विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, लेझर हाच त्यांचा विषय. रीतसर अर्ज करा आणि वाट पाहायची सवय लावून घ्या, ती पुढे उपयोगी पडते.

पद्धत अशी. लेझर सेकंदाला, समजा, २ कोटी ठोके देतो. प्रत्येक ठोक्याला घड्याळ सुरू होतं, नमुन्यातून पहिला फोटॉन आला की बंद पडतं. पहिलाच मोजला जातो, मागून येणारे वाया. मग दर ठोक्याला फोटॉन यायला लागले तर लवकर येणारेच नोंदले जातील आणि आयुष्य खोटंच आखूड दिसेल. म्हणून प्रकाश इतका कमी करायचा की शंभर ठोक्यांत जेमतेम एक फोटॉन यावा. थोडक्यात, लाखो रुपये खर्चून जितका प्रकाश पाडायचा तितकाच दुसऱ्या काचा लावून अडवायचा. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना ही पायरी गाळा.

यंत्राची स्वतःची दिरंगाई किती हे पाहायला प्रकाश नुसता विखुरणारं काहीतरी लागतं. त्यासाठी सिलिकाचे बारीक कण मिळतात. पैसे वाचवायला पाण्यात दुधाचा थेंब टाकाल तर दुधातलं रायबोफ्लेविन स्वतःच चमकेल, आणि तुम्ही यंत्राच्या नावाने म्हशीचं मोजमाप प्रसिद्ध कराल.

८. नमुन्यातला ऑक्सिजन हाकला. पायरीनसारख्या रेणूचं आयुष्य ऑक्सिजन काढलेल्या द्रावकात काहीशे नॅनोसेकंद असतं, हवा लागली की विसेक. नायट्रोजनचे बुडबुडे सोडा. किती वेळ सोडायचे हे प्रत्येक प्रयोगशाळेत वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं असतं, कारण विचारू नका.

९. घातांक वाढवत जा.

ही खरी कला. बाकी सगळं यंत्र करतं.

हाती जो उतरता आलेख येईल त्यावर एक घातांकी रेघ बसवा. बसली तर वाईट झालं, एकच आकडा मिळाला, एका आकड्यावर प्रकरण होत नाही. बसली नाही तर दुसरा घातांक मिळवा. प्रत्येक नव्या घातांकाबरोबर दोन नव्या खुंट्या हाती येतात, त्याचं आयुष्य आणि त्याचा वाटा. तिसऱ्या घातांकापर्यंत जवळपास काहीही बसतं. रेघ किती जुळली हे सांगणारा काय-स्क्वेअर १च्या जवळ आला की थांबा. चौथा लावू नका, चौथ्याला लोक हसतात. तिसऱ्याला का हसत नाहीत याचं कारण एवढंच की ते स्वतः तिसरा लावतात.

मग प्रत्येक तुकड्याला नाव ठेवा. सर्वांत आखूड तुकडा म्हणजे ‘कड्यांचं अंतर्गत परिभ्रमण’. मधला म्हणजे ‘कंपनांमार्गे ऊर्जाक्षय’. सर्वांत लांब म्हणजे ‘द्रावकाशी बद्ध असलेली प्रजाती’. हा तिसरा बहुधा आधीच्या विद्यार्थ्याने न धुतलेल्या क्युव्हेटमधला, म्हणजे नमुन्याच्या काचपात्रातला असतो, पण त्या विद्यार्थ्याचं नाव लेखाच्या लेखकांत नसल्याने तो तक्रार करणार नाही. उलट वाटेने जायचं धाडस करू नका, म्हणजे आधी रेणूची चिकट द्रावकात, थंडीत, जखडलेल्या रूपात मोजणी करायची आणि तो आखूड तुकडा खरंच लांबतो का हे पाहायचं. फर्स्टर आणि हॉफमन यांनी १९७१ साली द्रावकाचा चिकटपणा आणि चमक यांचं नातं मांडून ही परीक्षा कशी घ्यायची ते दाखवून ठेवलं आहे. तिचा धोका असा की तीत नापासही होता येतं.

सरासरी आयुष्य काढायच्या दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला वजन, दुसरीत त्याने टाकलेल्या प्रकाशाला. दुसरीचं उत्तर नेहमी मोठं येतं. कोणती वापरली हे लिहायला विसरा. आणि यंत्राची दिरंगाई २०० पिकोसेकंदांची असली तरी उत्तर ४.०३७२ नॅनोसेकंद असंच द्या. दशांश चिन्हापुढचे आकडे फुकट असतात.

१०. वायूत मोजणार असाल तर कुटुंबाचा निरोप घ्या.

द्रावणात रेणू सतत धक्के खात असतो, त्यामुळे त्याच्या परिभ्रमणाच्या आणि कंपनांच्या पातळ्या एकमेकींत मिसळून एकच आयुष्य हाती लागतं. विरळ वायूत धक्के नाहीत. आयोडीनची जांभळी वाफ घ्या. तिथे प्रत्येक कंपनपातळीचं आयुष्य वेगळं. त्या कंपनपातळीतही रेणू जितका जोरात फिरतोय तितकं आणखी वेगळं, कारण फिरणं वाढलं की रेणू मधेच फुटून दोन अणू व्हायची शक्यता वाढते. फिरण्याच्या क्वांटम अंकाला त्याच्याहून एकने मोठ्या अंकाने गुणायचं, त्या पटीत ती वाढते. आयुष्यं मायक्रोसेकंदांच्या आसपासची, म्हणजे मोजायला ऐसपैस. पातळ्या शेकड्यांनी आहेत. दर पातळीला एक लेख धरला तर नातवंडांचीही सोय होते.

११. नातेवाइकांना ‘लेझरवर काम करतो’ एवढंच सांगा. ते चष्म्याचा नंबर घालवायला किती खर्च येतो असं विचारतील. आकडा पाठ ठेवा.

१२. परीक्षकाला जड पाणी पाजा.

लेख पाठवलात की दोन परीक्षक येतात. पहिला स्पेलिंग सुधारतो. दुसरा विचारतो, ‘आयुष्य आखूड झालं ते परिभ्रमणामुळे की कंपनांमुळे?’ प्रश्न रास्त आहे, म्हणूनच त्रासदायक. उत्तरासाठी कंपनांची बाजू नीट समजून घ्या.

उत्तेजित ऊर्जा प्रकाश न टाकता जायची तर ती कंपनांत वाटावी लागते. मोठं कंपन असेल तर थोड्या हप्त्यांत वाटून होतं, लहान असेल तर हप्ते वाढतात आणि काम अडतं. एंगलमन आणि जॉर्टनर यांनी १९७० साली याचं गणित बसवलं. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं कंपन हे मोठ्या हप्त्याचं. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घाला, अणू दुप्पट जड, कंपन मंद, हप्ते जास्त. युरोपियमचा आयन साध्या पाण्यात मिलिसेकंदाचा दहावा भाग चमकतो, जड पाण्यात सुमारे चार मिलिसेकंद. रसायन तेच, दिसायला पाणी तेच, आयुष्य चाळीस पट. हॉरॉक्स आणि सडनिक यांनी १९७९ साली या फरकावरून धातूच्या आयनाला पाण्याचे किती रेणू बिलगलेत हे मोजायचं सूत्र दिलं. त्यात चूक अर्ध्या रेणूची धरतात. पाण्याचा अर्धा रेणू कसा दिसतो हे तक्त्यात दाखवायची गरज नाही.

तेव्हा जड पाणी मागवा. भारत ते मोठ्या प्रमाणावर बनवतो, रायगडातल्या थळला त्याचा प्रकल्प आहे. बाटली आली की पावसाळा सुरू झालेला असेल. तापी भरून वाहत असताना बाटलीचं बूच उघडं टाकलंत तर जड पाणी हवेतला ओलावा ओढून हळूहळू साधं होईल, आणि तुमचं चाळीस पट तीस पटीवर येईल. त्या तिसासाठी वेगळी उपपत्ती मांडू नका, बूच लावा.

मोजणी करा. आयुष्य लांबलं तर ‘कंपनांचा सहभाग सिद्ध झाला’. लांबलं नाही तर ‘परिभ्रमणाचा सहभाग सिद्ध झाला’. थोडंसंच लांबलं तर ‘दोन्हींचा’. तिन्ही वाक्यं आधीच टाइप करून ठेवा, आणि पाठवण्यापूर्वी दोन पुसून टाकायला विसरू नका.